दसऱ्याला बंद केलेलं मशीन

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील फोपनारला केळीच्या बागेत कामाला आहेत. चार माणसांनी वाचावं असं माझ्याकडे काही नाही. पण माझी एक चूक आमच्या इतवारा बाजारात अजून दुसऱ्याच्या नावावर सांगितली जाते. म्हणून लिहितो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवाऱ्यातल्या एका प्रिंटिंग प्रेसमधला कम्प्युटर सुरू केला आणि फोल्डर दिसेना. तीनदा शोधलं. समाजाच्या वधू-वर पुस्तिकेचं सगळं टायपिंग त्यात होतं. एकही फाईल उरली नव्हती.

मी दुपारी कॉलेज सुटल्यावर या प्रेसमध्ये काम करायचो. टायपिंग विष्णूकाका करायचे. ते आधी छपाईचे खिळे जुळवायचे. पन्नाशीनंतर कम्प्युटर शिकले. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊन मशीन सारखं अडायचं. मीच मालकांना, म्हणजे भाऊंना, लिनक्स सुचवलं.

"भाऊ, फुकट आहे. व्हायरसचा त्रास नाही."

"फुकट का माल?" भाऊ हसले. "लाव बाबा. काम रुकलं नाही पाहिजे."

लिनक्स मशीनमध्ये न बसवता नुसतं पेन ड्राइव्हवरूनही चालवून पाहता येतं. तसं चालवलं की केलेलं काम मशीन सुरू असेपर्यंतच टिकतं. बंद केलं की पाटी कोरी. घटस्थापनेला मी ते असं दाखवायला म्हणून लावलं. काकांना आवडलं, ते लगेच कामाला बसले. रविवारी नीट इन्स्टॉल करू, असं मी ठरवलं. रविवारी सबमिशन होतं. सीझनमध्ये प्रेसचं मशीन इन्व्हर्टरवर रात्रंदिवस सुरूच असायचं, त्यामुळे माझं अडलं नाही.

दसऱ्याला मात्र यंत्रांची पूजा. त्या दिवशी यंत्राला सुट्टी. काकांनी कम्प्युटर रीतसर बंद केला, कोरड्या फडक्यानं पुसला, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी शेजारी हात जोडून उभा होतो. पेढाही खाल्ला. डोक्यात काहीच आलं नाही.

ज्या वधू-वर मेळाव्यात ही पुस्तिका वाटायची, त्याला आठ दिवस होते. प्रूफ काढायचं बाकी होतं. बहुतेकांचे फॉर्म कागदावर होते, पण एकतीस घरांनी माहिती फोनवरच काकांना सांगितली होती. त्यांचे नंबरसुद्धा फाईलमध्येच.

भाऊ काकांवर भडकले. "पूजेचं पाणी आत गेलं असणार! तुमचं वय झालं काका. उद्यापासून आराम करा."

काका म्हणाले, "झालं असेल माझ्या हातून." चष्मा खिशात ठेवला आणि चालू लागले.

मी तिथंच होतो. लिनक्स अजून पेन ड्राइव्हवरच होतं, हे सांगायचं सोडून कागदाचे गठ्ठे लावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंना सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यांनी काहीच नाही केलं?"

"नाही."

"मग काल दातखिळी बसली होती का रे? जा, घेऊन ये त्यांना."

काकांच्या घरी काकू एकट्याच होत्या. "ते पहिल्या बसनं इच्छापूरकडे गेले, आठवेल ते घर गाठून माहिती पुन्हा लिहून आणायला," त्या म्हणाल्या. "लोकांनी भरोशानं फोनवर सांगितलं, त्यांच्या पोरा-पोरींची नावं राहिली तर पाप लागेल म्हणे."

मी लिनक्स नीट इन्स्टॉल केलं आणि कागदावरचे फॉर्म टाईप करत बसलो. चौथ्या दिवशी काका आले. पाय धुळीनं भरलेले. त्यांनी माहिती लिहून आणलेली वही माझ्यापुढे ठेवली. एकतीसच्या एकतीस. मी त्यांना पाटीची गोष्ट सांगितली आणि माफी मागितली.

त्यांनी विचारलं, "बंद केलं की पुसलं जाणार, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी बंद करत होतो तेव्हा तू बाजूला उभा होतास."

"हो, काका."

भाऊ खुर्ची पुसून "बसा काका, गलती झाली माझी" म्हणत होते. काका बसले नाहीत.

पुस्तिका वेळेवर निघाली, एकही नाव राहिलं नाही. मी शिकलो ते एवढंच: नवी सिस्टीम दाखवणाऱ्यानं तिच्यात काय टिकत नाही, हे आधी सांगावं. आणि चूक आपली असेल तर तोंड त्याच दिवशी उघडावं.

काका परत आले नाहीत. दिवाळीनंतर कागद पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याकडून कळलं, ते शहापूरच्या एका प्रेसमध्ये लागलेत. तिथंही लिनक्सच आहे. पहिल्या दिवशी त्यांनी एक ओळ टाईप केली, सेव्ह केली आणि मशीन बंद केलं. मालक विचारत राहिला, "काय झालं काका?" त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं, ओळ आहे की नाही पाहिली, आणि मगच कामाला बसले.