अडुळशाला आमंत्रण

दुष्काळाच्या त्या वर्षी येडशीजवळच्या आमच्या वस्तीवर हिरवं म्हणून एकच झुडूप उरलं होतं, अडुळशाचं. इतकं कडू, की शेळ्याही तोंड लावत नसत. मी अकरा वर्षांची होते आणि तेव्हाही यादी केल्याशिवाय कामाला लागत नसे.

त्या दिवशी यादीत एकच काम होतं: आईचा आवाज परत आणणं. दुसऱ्या दिवशी दूध सोसायटीची सभा होती. वस्तीवरच्या बायका दूध घेऊन तीन मैल चालत आणि उन्हानं ते वाटेतच नासे. संकलन केंद्र वस्तीवर द्या, हे उभं राहून मागायची हिंमत एकट्या आईत होती, आणि तिचा घसा खोकून पार बसला होता.

शेजारच्या आजीनं रीत सांगितली. आदल्या संध्याकाळी झुडपाला दोरा बांधून आमंत्रण द्यायचं. सकाळी पानं तोडायची आणि रस रोग्याच्या पोटात जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

"उद्या औषधाला या," मी झुडपाला अदबीनं म्हटलं. धाकट्या बहिणीनं विचारलं, पाहुण्यांना चहा ठेवायचा का? तिथूनच आम्हाला हसू सुटलं.

सकाळी फांद्या घेऊन निघालो, तर समोरून सोसायटीचे सचिव सायकलवर.

"काय गं पोरींनो, आई येणार ना सभेला?"

आम्ही ओठ घट्ट मिटले. त्यांनी पुन्हा विचारलं. बहिणीला नाकातून हसू फुटलं.

"म्हंजे येत न्हाय. मग सभेच्या कागदावरनं केंद्राचा चौथा विषय काढून टाकतो. मागणारंच कुणी न्हाय तर ठेवू कशाला?" म्हणत त्यांनी पायडल मारलं.

आम्ही फांद्या हलवत सायकलमागं पळालो. हातपंपावरच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं आणि उत्तर मिळेना म्हणून तीही घागर ठेवून पळाली. शाळेपाशी पोचलो तेव्हा आमच्यामागं सहाजण होते आणि कशासाठी पळतोय ते एकालाही ठाऊक नव्हतं.

सचिव उतरले. मी फांदीच्या देठानं धुळीत लिहिलं: आई येणार. विषय चार राहू द्या.

त्यांनी वाचलं, आमच्या मिटलेल्या तोंडांकडं पाहिलं, हातातल्या फांद्यांकडं पाहिलं. मग काटकी उचलून तेही गुपचूप खाली लिहू लागले: बरं.

घरी आजीनं पानं वाफवून रस काढला, मध घातला. आईनं तो एका दमात प्यायला.

"लई कडू हाय गं," ती म्हणाली. घोगरं, पण ऐकू आलं.

सभेत त्याच घोगऱ्या आवाजात ती बोलली. ऐकू यावं म्हणून मागची गडीमाणसं गप्पा थांबवून पुढं सरकली. एवढी शांत सभा गावानं आधी पाहिली नव्हती. केंद्र मंजूर झालं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी पुन्हा झुडपाकडं गेलो. आमंत्रण दिलं होतं, निरोप द्यायचा राहिला होता. मी दोरा सोडला, बहिणीनं हात जोडले, आणि दिवसभराचं हसू आम्ही तिथं मनसोक्त हसून घेतलं.