घड्याळ मागे, मग मासे

जुने ब्राउझर गेम वाचवतो म्हटलं की लोक हसतात. "पोरखेळ!" म्हणतात. अहो, या पोरखेळात माझं बीपी वाढलंय! दर रविवारी दुपारी खांदा कॉलनीतल्या माझ्या घरी मी आणि मंदार सर बसतो. जुन्या हार्ड डिस्कमधून बंद पडलेले गेम काढायचे आणि एमुलेटरवर, म्हणजे जुन्या ब्राउझरचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवून बघायचे. गेम जेमतेम साठलेत, किस्से मात्र ढीगभर.

*

मंदार सर खारघरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. पण जुनी डिस्क जोडायच्या आधी डोळे मिटून हात जोडतात. आतून 'टक् टक्' आवाज आला की ती कधी मान टाकेल, नेम नाही.

"सर, तुम्ही सायन्सवाले ना?"

"म्हणून तर जास्त घाबरतो!"

*

एका गेमला सुरू व्हायला त्याच्या सर्व्हरचं उत्तर लागायचं. तो सर्व्हर केव्हाच बंद पडलेला. सरांनी खोटा बनवला, काहीही विचारा, "हो" म्हणणारा. गेम खूश! पहिलाच प्रश्न आला, जुना डेटा पुसू का?

आमचा सर्व्हर म्हणाला, हो!

तेव्हापासून आधी कॉपी, मग बाकी सगळं.

*

एकदा मी भुताच्या गेमचा आवाज तपासत होते. किंकाळी अशी की समोरच्या काकू लाटणं घेऊनच धावत आल्या. "कोण मेलं?"

"कोणी नाही काकू, वाचलं!"

त्यांनी बराच वेळ लाटणं खाली ठेवलं नाही.

*

मग तो कुत्रा. रोज जेवू घालायचा गेम. कुणीतरी पाळलेला कुत्रा आम्ही उघडला, तर गेमनं आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघितलं. अकरा वर्षं उपाशी! स्क्रीनवर थेट थडगं.

मी रडले. "अगं, चित्र आहे. कॉपी आहे आपल्याकडे," सर म्हणाले. पण पोह्यांना त्यांनीही हात लावला नाही. असे गेम आता घड्याळ मागे घेऊनच उघडतो.

*

गेल्या महिन्यात करंज्याहून धर्माकाका आले, आईच्या ओळखीचे. जन्मभर बंदरावर मासळीचा लिलाव केलेला माणूस. पिशवीतून डिस्क काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"यात तुमच्या काकीचे मासे हायत. पोराच्या कॉम्प्युटरवर रोज खाणं घालायची. ती गेल्यावर आमी उघडलंच नाय. मरतील ना?"

कॉप्या शंभर काढता येतील हो, पण काकांनी एकदा मेलेले मासे पाहिले तर?

डिस्क टकटकायला लागली. सरांनी परत हात जोडले. कॉपी निघाली! काकीनं शेवटचं खाणं घातलं ती तारीख गेमच्या फाइलमध्ये सापडली, तीच घड्याळात टाकली. इंटरनेटची वायर उपटली, नाहीतर घड्याळ आपलं आपण आजच्या तारखेवर येतं.

"तू उघड," सर म्हणाले.

"नको, तुम्ही!"

शेवटी मीच डोळे मिटून क्लिक केलं.

सात मासे. साती जिवंत!

"काका, घाला खाणं!" मी ओरडलेच.

काका माशांकडे बघतच नव्हते. कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत होते.

"दवाखान्यात नेली ती परत आलीच नाय," ते म्हणाले. "त्याच्या आदला दिवस हाय हा."

मग त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पोरी, उद्या नको होऊ देऊस."