फळीवरची टकटक

सतीश गेल्याचं वैशालीवहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी भांडुपच्या घरी डबा भरत होते. "रेखा, हे सकाळी उठलेच नाहीत गं..." पुढचं मला ऐकू आलं नाही. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा पिशवीत ठेवला.

पवईच्या आमच्या ऑफिसात आम्ही पाइपांच्या आतल्या भेगा शोधायचं काम करतो. पाइपाला एका टोकाला हलका धक्का दिला की त्याची लाट धातूतून पळत जाते. वाटेत भेग लागली की थोडी मागे फिरते. खऱ्या पाइपाला हात लावण्याआधी हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये, पाइपाचे हजारो बारीक तुकडे पाडून पाहायचं. मी नवी होते तेव्हा स्क्रीनवर अशी एक लाट परत आली आणि मी ओरडले, "भेग सापडली!" शेजारच्या टेबलावरून सतीश उठून आला, बघून हसायलाच लागला. "वाट लावलीस ना यार! भेग कसली, ही तुझ्या मॉडेलची कड आहे. खरा पाइप पुढेही आहे ना? मग कडेला तसं सांग. नाहीतर लाट बिचारी आपटून मागे येते." कडेला लाट शोषून घेणारा थर लावायचा, हे मला तेव्हा कळलं. परत आलेली प्रत्येक लाट खरी नसते, हे तो पुढे प्रत्येक नवख्याला ऐकवायचा. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या तरी हेच वाक्य फेकायचा. भयंकर खवचट माणूस.

आमच्या टेबलांच्या मध्ये एक कपाट होतं, पण समोरची लाकडी फळी मात्र हॉलभर सलग. चहाची वेळ झाली की तो त्या फळीवर बोटाने टकटक करायचा. मी उलट टकटक केली की निघायचं. सरळ हाक मारायला काय होतं रे तुला, असं विचारलं तर म्हणाला, "हाक सगळ्यांना ऐकू जाते."

ती टकटक मला अजून ऐकू येते. पहिल्यांदा मी उठून पाहिलंसुद्धा. खुर्ची रिकामी, पाठीवर एसीसाठी ठेवलेला त्याचा स्वेटर... आता उठत नाही, पण बोट आपसूक फळीकडे जातं. भीती वाटते. ज्या दिवशी ऐकू येत नाही, त्या दिवशी जास्त वाटते.

मग त्याचा कॉम्प्युटर रिकामा करायचं काम माझ्याकडेच आलं. त्यात आमच्या फळीचं मॉडेल निघालं, फक्त दोन खुर्च्यांपुरता तुकडा. एका टोकाला लिहिलेलं, 'मी'. दुसऱ्या टोकाला, 'रेखा'. चालवून पाहिलं. त्याची टकटक लाट होऊन माझ्यापर्यंत आली, मला ओलांडून कडेच्या थरात शिरली आणि विरून गेली. सगळं अचूक, त्याच्या शिस्तीतलं. मला ते सहन होईना.

मी दोन्ही कडांचे थर काढून टाकले. या वेळी लाट माझ्या टोकाला आपटून मागे फिरली, त्याच्या खुर्चीपर्यंत गेली... तिथे कोणी नव्हतं, ती पुन्हा माझ्याकडे वळली.

कॉम्प्युटर मी रिकामा करून दिला. ते चुकीचं मॉडेल मात्र माझ्याकडे आहे. चहाच्या वेळी मी ते चालवते.