जानरावमामांची गाडीपारख

अंजनगाव सुर्जीत कोणालाही बैलजोडी घ्यायची असली, की आमच्या जानरावमामांना सोबत न्यायचं, ही रीत. मामा दात पाहतात, शेपटी पिळतात, चालवून बघतात आणि मग 'घे' म्हणतात. आता बैल घेणारे कमी झाले, म्हणून मामा मोटारपंपापासून जावयापर्यंत काहीही पारखून देतात. जावई एक चुकला, पण तो मामा हिशेबात धरत नाहीत.

यंदा माझा मावसभाऊ गजेंद्र कार घ्यायला निघाला आणि मामांना न विचारता मोबाइलवर शोधत बसला. मामांना ते लागलं.

"गावाले सांगून दे न, जानराव संपला म्हणून."

झालं, मामांना घेऊन आम्ही अकोल्याला जठारपेठेतल्या शोरूमवर गेलो. तिथे प्रत्येक गाडीच्या काचेवर कागद होता. धूर जितका कमी, तितके तारे जास्त.

"बैलाच्या कपायावर लिवलं असते का, हा चांगला हाय म्हणून?" मामा म्हणाले.

"काका, तपासूनच लावतात," तिथली विक्रेती चारुता म्हणाली.

"मंग मीबी तपासतो."

मामांनी पाच ताऱ्यांची आणि दोन ताऱ्यांची, अशा दोन गाड्या शेजारी-शेजारी सुरू करायला लावल्या. मधे उकिडवे बसले आणि खांद्यावरच्या पांढऱ्या दुपट्ट्याचं एक टोक एका सायलेन्सरवर, दुसरं दुसऱ्यावर धरलं. बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या सोडून बघायला आली. दोन्ही टोकं पांढरीच राहिली.

"कागद खोटा हाय."

"काका, नव्या गाडीचा धूर दिसत नाही," चारुता म्हणाली. "पण ही दोन ताऱ्यांची तेवढ्याच रस्त्याला पेट्रोल जास्त पिते, म्हणून सोडतेही जास्त."

मामांनी दुपट्टा झटकला. "म्हंजे खाते जास्त, अन् चालते तेवढीच?"

"हो."

"बोला मामा, कोणती घेऊ?" गजेंद्र हसू दाबत म्हणाला.

मामांनी पाच ताऱ्यांच्या गाडीला चक्कर मारली, चाकाला लाथ घातली, डोळे मिटून इंजिन ऐकलं.

"हे घे. इचा दम चांगला हाय."

"ते तं कागदावरच लिवलं हाय."

"कागद बराबर हाय, हे कोनं तपासलं?"

गावात ही गोष्ट मामांनीच पसरवली. परवा गावातले बुधाजी त्यांना कार पारखायला घेऊन गेले, मीही होतो. दारातच मामांनी माझा हात धरला. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात, तसा.

"अंकुर, चष्मा घरी राह्यला. तारे किती हायेत ते मोज, अन् तेवढी बोटं दाब."