जिन्याखालची मीटरची खोली

लालबागच्या आमच्या टॉवरमध्ये काल लाइट गेली. ती परत आल्यावर मी मेणबत्ती फुंकली आणि त्या वासासरशी जुन्या चाळीतली जिन्याखालची मीटरची खोली आठवली. फ्यूज उडाला की बाबा सात वर्षांच्या मला घेऊन खाली जायचे. त्या ओलसर काळोखात मी रडायचे. "धीट हो, मेणबत्ती नीट धर," म्हणत ते माझं मनगट घट्ट पकडायचे.

"तुम्हीच मला धीट केलंत," मी काल त्यांना म्हटलं.

बाबांनी विझलेली मेणबत्ती हातात घेतली.

"तुझा काका त्याच खोलीत शॉक लागून गेला गो, तू जन्मायच्या आधी. एकट्याने आत जायची माझी छाती होत नव्हती."

माझा हात थरथरू नये म्हणून ते मनगट धरायचे, असंच मी आजवर समजत होते.