कॅप्टन कडकडाटची सुपारी

माझ्या लेखनाच्या प्रभावाचा विषय निघाला की मी खिडकीबाहेर बघत बसतो. पण आज तुम्ही चहा पाजून विचारताय, तर सांगतो. फक्त मध्येच हसू नका. मला त्या वेळी हसू आलं नव्हतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी नारायणगावाशेजारी वारूळवाडीला राहायचो आणि गोष्टी लिहून पुण्याला पाठवायचो. त्या बहुतेक परत यायच्या. पुण्याचे लिमये साहेब मुलांसाठी एक चित्रकथा-मासिक काढायचे. त्यात 'कॅप्टन कडकडाट' नावाचा एक वीर होता. तो उडायचा, बोटातून वीज सोडायचा. त्याचा वैरी डॉक्टर काजळे हा दर महिन्याला धरण फोडायला निघायचा. मालिकेचा जुना लेखक कंटाळून निघून गेला आणि लिमयांनी मला शेजारच्यांच्या फोनवर गाठलं.

"गावडे, एकच अंक लिहायचाय. जमला तर पुढं दुसरं काही बघू. लिहून घ्या. डॉक्टर काजळे कॅप्टनची सुपारी देतो. शेवटच्या पानावर कॅप्टनचा खेळ खलास. समजलं?"

"समजलं, साहेब."

आता तुम्हीच सांगा, यात न समजण्यासारखं काय होतं? आमच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक जत्रेसाठी फड ठरवायला येतात आणि ठरलं की विसार देतात. त्या विसाराला सुपारी म्हणतात. माझा सख्खा मामा अशाच एका राहुटीत बसून सुपाऱ्या घ्यायचा. लहानपणापासून मी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला. मुंबईत म्हणे तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या सुपाऱ्या निघाल्या होत्या, पेपरात यायचं. पण मी पेपरात फक्त राशिभविष्य वाचायचो.

कॅप्टनला तमाशात नाचवायचं हे जरा जास्त वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुण्याची माणसं काहीतरी नवं करत असतात. शिवाय अंकावर माझं नाव छापून येणार होतं. त्यासाठी मी कॅप्टनला नऊवारीही नेसवली असती.

काम मात्र चोख करायचं ठरवलं. मामाकडं गेलो.

"मामा, सुपारी घेतली आन् फड आलाच न्हाई तर?"

"येत न्हाई म्हंजी? शब्द दिलेला असतोय. मेला तरी उठून यावं लागतं," मामा म्हणाला.

झालं, मला कथा सापडली. काजळेच्या गावची जत्रा. तो धरण फोडायचं सोडून कॅप्टनच्या हातावर सुपारी ठेवतो. कॅप्टन शब्दाला बांधलेला. तो येतो, गणात अडखळतो, स्वतःच्याच झग्यात पाय अडकून ढोलकीवर पडतो. पुढं बसलेला काजळे आधी हसतो, मग गप्प होतो, मग फेटा उडवतो. बत्तिसाव्या पानावर खेळ संपतो. काजळे म्हणतो, "पुढल्या साली बी या, राव."

नेमकं त्याच आठवड्यात लिमयांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी. कचेरीतल्या कुणीतरी माझी वही तशीच चित्रकाराला दिली. त्यानं लिहिलं होतं तसं काढलं. ढोलकी तर फारच सुंदर काढली होती.

अंक बाजारात आला, लिमयांची पट्टी निघाली आणि फोन आला.

"गावडे, मी काय सांगितलं होतं?"

"कॅप्टनची सुपारी."

"मग?"

"दिलीय की. पान चार."

"आणि खेळ खलास?"

"पान बत्तीस. त्याआधी एक वन्स मोअर घेतलाय."

मग लिमये अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुपारी दिली की माणूस मरतो, गावडे."

"आमच्याकडं नाचतो, साहेब."

तेव्हा कळलं, खप नव्हता म्हणून मालिका बंद करायची होती आणि कॅप्टनला मारायचं काम माझ्याकडं होतं. मी घरी येऊन जेवलो नाही. नाव छापून आलं ते पहिलं आणि शेवटचं, असंच धरून चाललो होतो.

पण पंधरा दिवसांत पत्रं यायला लागली. खोडदच्या एका शाळेनं तर अख्ख्या वर्गाच्या सह्यांचं पत्र पाठवलं होतं. पोरांना काजळे आवडला होता. लिमये म्हणाले, "गावडे, पुढचा लिहा. आणि कुणाला काही सांगू नका."

मी सहा-सात वर्षं लिहीत राहिलो. कॅप्टननं बैलगाडा शर्यतीची कॉमेंट्री केली, काजळेच्या पुतणीचं लग्न जमवलं. बघता बघता बाकीच्या मासिकांतले वीरही हाणामारी सोडून लोकांच्या बारशाला जायला लागले. पुण्यात एका प्राध्यापकांनी भाषणात सांगितलं, खलनायकालाही सांस्कृतिक भूक असते हे गावड्यांनी प्रथम ओळखलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

पण मनात टोचायचं. लिमयांच्या लेखी मी सुपारीही न कळणारा माणूस, याची लाज वाटायची. म्हणून एकदा हट्टानं खरीखुरी सुपारी लिहिली. काळी गाडी, पिस्तूल, अंधारी गल्ली, सगळं. लिमये म्हणाले, "कशाला गावडे? चाललंय ते बरं चाललंय." मी ऐकलं नाही.

तो अंक पडला. असा पडला की दोन महिन्यांत मालिकाच बंद झाली. शेवटी एकच पत्र आलं, निरगुडसरहून, पोस्टकार्डावर. ते अजून माझ्याकडं आहे.

"संपादकसाहेबांस नमस्कार. नाव तेच छापलंय, पण लेखक बदललेले दिसतात. नव्या माणसाला सुपारी म्हंजी काय तेवढं बी म्हाईत न्हाई. कृपा करून जुन्या गावड्यांना परत बोलवा."