गयाबाईच्या शेडमधल्या दोन मापांच्या अळ्या

"मॅडम, सगळी बॅच जाळायला सांगा," आमच्या रेशीम कार्यालयाचे साहेब फोनवर म्हणाले. मी ताडकळसजवळ गयाबाईच्या रेशीम शेडमध्ये उभी. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. समोर रॅकवर एकाच बॅचच्या अळ्या, आणि त्या दोन मापांच्या! काही बोटाएवढ्या, काही काडीएवढ्या.

हे दिसलं की आम्ही रेशीमवाले आधी रोग शोधतो, कारण लागण झालेल्या अळ्या खुरटतात. संशय एकच, पेब्रीन, परजीवीमुळे होणारा रोग. हा परजीवी आईच्या, म्हणजे मादी पतंगाच्या, अंड्यातून थेट अळीत उतरतो. गंमत अशी, की आई अंडी घालायच्या आधीच मेली तर याचाही वंश बुडाला. म्हणून जहाल प्रकार मागे पडतात, मवाळ प्रकार पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. अळ्यांतही सोसणारं वाण तेवढं उरतं. पण ऊन वाढलं की अळी खचते, हा आत माजतो आणि दोघांतला समझोता मोडतो. मग विष्ठेतून शेजारच्या अळ्यांनाही लागण होते. औषध नाही. जाळायचं.

गयाबाईचं घर मेंढरांचं. रेशमाची ही पहिलीच बॅच. बाई रडकुंडीला आलेली. "मॅडम, लेकरावानी सांभाळल्यात वो. जाळू नका."

माझं डोकं तापलं. "सर, मायक्रोस्कोप काय शोभेला आणलाय? आधी बघू तरी द्या!"

"बघा. पण जबाबदारी तुमची."

बारक्या अळ्या खलात कुटल्या, थेंब काचेवर घेतला. पेब्रीन असेल तर लांबट, चमकणारे दाणे दिसतात. एक काच पाहिली, दुसरी पाहिली. मोठ्या अळ्यांच्याही पाहिल्या. एक दाणा नाही! मी चक्क ओरडले, "गयाबाई, साफ आहेत हो!"

"मंग जाळायचं न्हाई ना?" ती हसायलाही लागली आणि डोळेही पुसायला लागली.

"नाही. पण ह्या बारक्या अशा का राहिल्या?"

"त्या माझ्या न्हाईतच," ती खाली बघत म्हणाली. "शेजारणीच्या हायेत. उन्हानं मागं पडल्या म्हणून फेकायली होती. आमच्यात आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावतेत. म्या म्हणलं, पाला लय हाय, जगतील."

मी कपाळावर हात मारला. "अहो बाई! त्यातली एक जरी आजारी निघाली असती, तर तुमच्या सगळ्या गेल्या असत्या!"

"आता काढू?"

"आता राहू द्या. वेगळ्या रॅकवर ठेवा, दुपारी ओले पडदे सोडा."

पुढे मोठ्यांनी झकास कोष केले. बारक्यांनीही केले, उशिरा आणि जरा हलके. साहेबांनी विचारलं, "मग दोन मापं कशी?"

"सर, बारक्या दत्तक घेतलेल्या होत्या."

हल्ली मी कुठल्याही शेडमध्ये शिरले की मायक्रोस्कोप काढायच्या आधी विचारते, "बाई, ह्या सगळ्या तुमच्याच ना?"